पदक एकाचं, तोफ सहा जणांची

परमवीर चक्राचे मानकरी आजवर २१. त्यात तोफखान्यातला एकही नाही. कारगिलच्या युद्धात अडीच लाखांच्या घरात तोफगोळे, बाँब आणि रॉकेटं डागणाऱ्या दलाच्या वाट्याला सर्वोच्च शौर्यपदक अजून आलेलं नाही, आणि यावर आपल्याकडे कुणी अवाक्षर काढत नाही. परमवीर अब्दुल हमीद यांचं नाव घेऊन कुणी हरकत घेईल. पण जीपवरच्या तोफेनं पॅटन रणगाडे उडवणारे हमीद ४ ग्रेनेडियर्सचे, म्हणजे पायदळातले. ती रिकॉइललेस गनही पायदळाचंच हत्यार.

आता यावरून तोफखान्यात शूर माणसं कमी असं तर कुणी म्हणणार नाही. माझ्या मते घोळ दुसरीकडे आहे. शौर्यपदकामागची आपली कल्पना एका माणसाची आहे. समोर शत्रू, मध्ये वीस-पंचवीस पावलं आणि जिवावर उदार झालेला एकटा जवान. आम्हा सातारा-सांगलीकडच्या लोकांना ही कल्पना चटकन पटते, कारण आम्ही कुस्तीच्या मुलखातले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं ते मॅटवर एकट्यानं उतरून, त्यात दुसरा वाटेकरी नाही. शौर्यपदकाकडेही आम्ही त्याच नजरेनं बघतो. पायदळाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी जुळतं. तोफेच्या बाबतीत साफ चुकतं.

आमच्या दोन जिल्ह्यांतली नावं घ्या. तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे, १५ मराठा लाइट इन्फंट्री. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हातातलं रॉकेट लाँचर त्यांनी हिसकावलं, मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. २०१५ साली कुपवाड्यात तुकडीच्या पुढे राहून लढताना गेले, शौर्य चक्र मिळालं. जावळीतल्या केडंबेचे तुकाराम ओंबळे तर पोलीस. कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि अशोक चक्र मिळवलं. तिन्ही कथा एकेका माणसाच्या आहेत आणि तशाच सांगितल्या पाहिजेत. शाळेत पोरांना सांगा, अंगावर काटा येतो.

आता तोफेची कथा सांगून बघा.

आमच्या ओळखीत एक निवृत्त हवालदार आहेत. तोफेचे ‘नंबर वन’ होते, म्हणजे तोफेवरच्या तुकडीचे प्रमुख. १९९९ साली द्रासच्या बाजूला त्यांची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, होती. गावातली पोरं हौसेनं विचारतात, ‘‘काका, शत्रू किती लांब होता हो?’’ काकांचं उत्तर ठरलेलं. ‘‘आमाला कुठं दिसतोय तो? ओपीकडनं, म्हंजी पुढं राहून नेम सांगणाऱ्याकडनं, वायरलेसवर आकडं यायचं, आमी लावायचं. पुढचा आकडा यायच्या आत गोळा आत.’’ पोरांचा चेहरा पडतो. त्यांना संगीन हवी असते, काका आकड्यांचं बोलतात. डाव्या बाजूनं हाक मारली तर काका वळत नाहीत. तो कान तोफेनं नेला.

त्यांचं काम नेमकं काय होतं? बोफोर्सचा १५५ मिलिमीटरचा गोळा साधारण ४३ किलोचा. तो उचलायचा, भरायचा, मागून दारूचं चार्ज, मग नेम, मग पुन्हा तेच. कारगिलात ऐन धुमश्चक्रीच्या काळात दिवसाला ५,००० च्या आसपास गोळे जात होते आणि टायगर हिल घेतली त्या दिवशी ९,०००. सहा तोफांची एक बॅटरी. अशा प्रत्येक बॅटरीनं सलग १७ दिवस सरासरी मिनिटाला एकाहून जास्त गोळा टाकला. गोळे वाहून हातांना फोड आले, चोवीस तासांत दोन तास झोप मिळाली तर नशीब. वरून पाकिस्तानी तोफा याच जागा हुडकून मारा करायच्या. पायदळाचा जवान निदान दगडाआड सरकतो. तोफ सोडून तोफेवरच्या माणसाला सरकता येत नाही, कारण वर चढणाऱ्या कंपनीचा जीव त्याच्या पुढच्या गोळ्यावर असतो. यात एकट्याचं शौर्य कुठून वेगळं काढणार? गोळा उचलणाऱ्याचं की नेम धरणाऱ्याचं?

तोफ मागे नसली की काय होतं ते लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत दिसलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊंची चार्ली कंपनी तिथं लढली. मध्ये डोंगर आडवा असल्यामुळे आपल्या तोफांचा मारा तिथवर पोचतच नव्हता. जवळजवळ अख्खी कंपनी कामी आली. शैतान सिंग यांना परमवीर चक्र मिळालं आणि त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण तोफखान्याच्या अभावानं घडलेली लढाई आपल्या स्मरणात पक्की आणि तोफखान्यानं जिंकून दिलेल्या लढाया पुसट, हे जरा विचित्रच नाही का? द्रासमधलं ५१४० शिखर म्हटलं की कॅप्टन विक्रम बत्रा आठवतात, आठवलेच पाहिजेत. त्याच शिखराला २०२२ साली ‘गन हिल’ असं नाव दिलं गेलं, तोफखान्याच्या कामगिरीची आठवण म्हणून. हे किती जणांना ठाऊक आहे?

कुणी म्हणेल, तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना पदकं मिळतात की. मिळतात, आणि ती खोटी नाहीत. तोफखान्याचा निरीक्षण अधिकारी, ज्याला लष्करात ओपी ऑफिसर म्हणतात, तो पायदळाच्या पहिल्या फळीबरोबर चढतो. गोळा कुठं पडला ते बघून शंभर मीटर वाढव, पन्नास डावीकडे घे, असं तो मागे कळवत राहतो. त्याच्या वायरलेसची अँटेना दिसली की शत्रूच्या गोळ्या आधी तिकडे येतात. त्याच्या छातीवरचं वीर चक्र त्याचंच. फक्त त्याच अँटेनेखाली, तोच वायरलेस सेट पाठीवर घेऊन, त्याच्याइतकाच उघड्यावर असलेला रेडिओ ऑपरेटर कोण होता, हे आपण विचारतच नाही.

दुसऱ्या महायुद्धातलं एक पदक बघण्यासारखं आहे. २७ मे १९४२. लिबियाच्या वाळवंटात बीर हकीमच्या आग्नेयेला तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडवर इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे चालून आले. ब्रिगेडकडे रणगाडे नव्हते. दुसऱ्या फील्ड रेजिमेंटच्या २५ पाउंडर तोफा, मूळच्या दूरवर मारा करण्यासाठी बनवलेल्या, समोरून येणाऱ्या रणगाड्यांवर थेट नेम धरून चालवल्या गेल्या. ब्रिगेड शेवटी चिरडली गेली, पण रणगाड्यांची मोठी किंमत वसूल करून. तिथल्या एका बॅटरीचे मेजर पी. पी. कुमारमंगलम यांना डीएसओ, म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा इंग्रजांचा किताब, मिळाला. ते कैद झाले, पुढे सुटून आले आणि १९६६ ते १९६९ या काळात देशाचे लष्करप्रमुख होते. तमिळनाडूतल्या या अधिकाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण २५ पाउंडर तोफेवर सहा माणसं लागतात, आणि डीएसओ हे पदक फक्त अधिकाऱ्यांसाठी होतं. जवानानं कितीही केलं तरी त्याला ते मिळणारच नव्हतं. अधिकाऱ्याला डीएसओ किंवा मिलिटरी क्रॉस, हिंदी शिपायाला आयडीएसएम, म्हणजे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. शौर्य तेच, पंगत वेगळी.

आणि हे दरवाजे तरी कधी उघडले? १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातून तोफा काढून घेतल्या. डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या ठेवल्या. मैदानी तोफखान्यात भारतीय पुन्हा आला तो १९३५ साली, बंगलोरला ‘ए’ फील्ड ब्रिगेड उभी राहिली तेव्हा. म्हणजे वाळवंटात रणगाड्यांपुढे उभ्या राहिलेल्या त्या गोलंदाजांच्या मागे सात वर्षांचीच परंपरा होती. पेशव्यांच्या काळात पानसे घराण्यानं तोफखाना सांभाळला, त्या मराठी मुलखाला या खंडाची कल्पनाही नसते.

स्वतंत्र भारतानं २६ जानेवारी १९५० ला परमवीर, महावीर आणि वीर चक्र सुरू केली तेव्हा हुद्द्याची ही भिंत पाडली. शिपाई असो की जनरल, चक्र एकच. हा फार मोठा निर्णय होता आणि त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानं युरोपियन, लग्नानं मराठी. चक्रावर त्यांनी इंद्राचं वज्र घेतलं, दधीचीच्या अस्थींचं. सुंदर कल्पना आहे, पण तीही एकट्या दधीचीची. हुद्दा गेला, एकटेपणा राहिला.

गंमत अशी की ज्या व्हिक्टोरिया क्रॉसकडे बघून अनेक शौर्यपदकं घडली, तो ओतला जातो तोफेच्याच धातूतून. आणि त्याच्या १८५६ च्या मूळ सनदेत या एकटेपणावर उताराही होता. तेराव्या कलमात म्हटलं होतं की अख्ख्या तुकडीनं सारखंच शौर्य गाजवलं आणि एकाला निवडता येत नसेल, तर तुकडीनं आपल्यातूनच मतदान करून मानकरी निवडावेत. अधिकाऱ्यांनी त्यांच्यातला एक, हवालदार-नाईक दर्जाच्यांनी एक, साध्या शिपायांनी दोन. ३१ मार्च १९०० ला दक्षिण आफ्रिकेत सॅनाज पोस्टला क्यू बॅटरीनं गोळ्यांच्या वर्षावात आपल्या तोफा ओढून बाहेर काढल्या. सेनापती रॉबर्ट्सनं अख्खी बॅटरी सारखीच शूर ठरवली आणि निवड बॅटरीवर सोपवली. एक अधिकारी, एक सार्जंट, एक गोलंदाज आणि घोडे हाकणारा एक ड्रायव्हर, असे चार व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. घोडे हाकणाराही त्यात आला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. याच कलमाखाली १८५७ मध्ये लखनौला बंगाल तोफखान्याच्या गोऱ्या गोलंदाजांनीही पदकं घेतली होती, आपल्याच लोकांवर तोफा चालवून. तेव्हा कलमाचा इतिहास काही निर्मळ नाही. पण त्यातला विचार तोफेला बरोबर लागू पडतो.

म्हणून माझं म्हणणं. तोफ, रणगाडा यांसारख्या, अनेकांनी मिळून चालवायच्या हत्यारांसाठी आपल्या चक्रांच्या नियमांत असं कलम यावं. कारवाई एकत्रित असेल तर तुकडीतल्या लोकांनीच अधिकारी, सुभेदार-नायब सुभेदार आणि जवान यांतून प्रत्येकी मानकरी निवडावा. प्रशस्तिपत्रात तोफेवरच्या सगळ्यांची नावं यावीत.

यावर पहिला आक्षेप आमच्याच भागातून येणार, हे मला दिसतंय. मतदान म्हटलं की इथं सोसायटी आठवते, दूध संघ आठवतो, साखर कारखाना आठवतो. उद्या वीर चक्रासाठी पॅनल पडतील, परिवर्तन आणि सहकार! हसण्यावारी नेलं तरी आक्षेप बिनबुडाचा नाही. पण गोळागोळीत बरोबर उभा राहिलेला माणूस आपल्या सोबत्याला ओळखतो तसं वरून शिफारस लिहिणारा ओळखू शकत नाही. आज शिफारस वरूनच होते आणि ती लिहिणाऱ्याच्या लेखणीवर बरंच अवलंबून असतं. चांगलं इंग्रजी लिहिणारा कमांडिंग ऑफिसर लाभलेल्या पलटणीला त्याचा फायदा होत नसेल, असं छातीठोकपणे कुणी सांगावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चक्र मिळतं ते शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याबद्दल, आणि तोफ तर कित्येक किलोमीटर मागे असते. याला उत्तर हवालदार उमराव सिंग. हरियाणातल्या पालड्याचे हे गोलंदाज डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशात कलादानच्या खोऱ्यात एका पुढच्या तोफेवर होते. जपान्यांनी आधी दीड तास मारा केला, मग एकामागून एक हल्ले चढवले. दारूगोळा संपल्यावर उमराव सिंग तोफेची लोखंडी पहार घेऊन भिडले. काही तासांनी आपली माणसं पोचली तेव्हा ते बेशुद्ध, ओळखू न येण्याइतके जखमी, आजूबाजूला दहा जपानी मेलेले आणि तोफ शाबूत. त्याच दिवशी ती पुन्हा चालली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण तोफखान्याच्या माणसाला सर्वोच्च पदक मिळायला तोफ सोडून पहार हातात घ्यावी लागली, हेही यात दिसतं. त्याआधीचा दीड तास त्या तोफेवर टिकून राहिलेले बाकीचे कोण, त्यांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येतात?

लष्करवाले तिसरं सांगतील. रेजिमेंटला सन्मानाचा किताब मिळतो, लष्करप्रमुखांचं युनिट प्रशस्तिपत्र मिळतं. मिळतं खरं. ते छावणीच्या कमानीवर आणि मेसच्या भिंतीवर राहतं, कोरेगावच्या नाहीतर विट्याच्या घरात येत नाही. वीर चक्रामागे केंद्राचा महिना ७,००० रुपये भत्ता आहे, शौर्यासाठीच्या सेना पदकामागे २,०००. युनिट प्रशस्तिपत्रामागे जवानाच्या हातात काही पडत नाही. पैशाची गोष्ट काढली म्हणून नाक मुरडू नये. पेन्शनीवर घर चालवणाऱ्याला हा फरक कळतो.

दिल्लीचं दिल्लीत होईल तेव्हा होईल. आपल्या हातातलं तरी आपण नीट करतो का? जवान निवृत्त होऊन आला की पोवई नाक्यापासून मिरवणूक, ढोल-ताशा, उघडी जीप, फ्लेक्स. फ्लेक्सवर ‘१० पदकांचे मानकरी’. दहा पदकं कोणती? ९ वर्षं, २० वर्षं सेवेची पदकं, सैन्य सेवा पदक, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं पदक, ऑपरेशन विजयचं पदक. ही सगळी मानाची, पण ती त्या सेवेत असलेल्या प्रत्येकाला मिळतात, शौर्यपदकं नव्हेत. परम विशिष्ट सेवा पदकाला परमवीरच्या शेजारी बसवणारा निवेदक मी स्वतः ऐकला आहे. सेना पदकही शौर्यासाठी वेगळं आणि विशिष्ट सेवेसाठी वेगळं, हे फ्लेक्सवर कुणी लिहीत नाही. मोजणी चालते ती पदकांच्या संख्येची, आणि ज्याला खरं एक वीर चक्र मिळालंय तो दहावाल्याच्या शेजारी फिका पडतो. आमचे काका तर कुठल्याच फ्लेक्सवर नाहीत. त्यांच्याकडे सांगायला फक्त आकडे आहेत.

सातारा तालुक्यातलं आपशिंगे, ज्याला सगळे आपशिंगे मिलिटरीच म्हणतात, तिथं पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जवानांची आठवण म्हणून इंग्रजांनी स्तंभ उभारला. शंभर वर्षांनी आपण त्याच्या पुढे गेलो असं वाटत नाही. नवी स्मारकं होतात, त्यावर उद्घाटकांची नावं ठळक असतात. पंचक्रोशीत तोफखान्याचा पदकविजेता असेल, तर त्याच्या नावाखाली प्रशस्तिपत्राचा मजकूर मराठीत कोरायला काय हरकत आहे? संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर प्रशस्तिपत्रं वाचायला मिळतात. इंग्रजीचा एखादा शिक्षक आणि एक निवृत्त सुभेदार एका संध्याकाळी बसले तर मराठी मजकूर तयार होईल. सुभेदार पाहिजेच, नाहीतर बॅटरीचं भाषांतर विजेरी करून ठेवतील. आणि ज्या तोफेबद्दल, ज्या ओपीबद्दल ते पदक आहे, तिथं बरोबर असलेल्यांची नावं त्या अधिकाऱ्यालाच विचारावीत. असे अधिकारी मी बघितले आहेत. भाषणात ते हाच विषय काढतात, बरोबरच्या पोरांची नावं घेऊ लागतात, आणि नेमकं तेव्हाच निवेदक वेळेची चिठ्ठी पुढे सरकवतो.

नियमांतल्या बदलाचं म्हणाल तर त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. ही चक्रं राष्ट्रपतींच्या अधिसूचनेनं सुरू झाली, त्यांच्या नियमांत फेरबदलही तसेच होतात. सातारा आणि सांगली, दोन्ही मतदारसंघांतले खासदार दर २६ जुलैला कारगिल दिनाच्या शुभेच्छा देतात. पुढच्या अधिवेशनात त्यांनी संरक्षणमंत्र्यांना एवढाच प्रश्न टाकावा की परमवीरच्या २१ नावांत तोफखाना का नाही, आणि तुकडीला पदक देण्याची सोय करायला सरकारची हरकत नेमकी कशाला आहे. लेखी उत्तर मिळतं. ते मराठीत छापून आपशिंग्याच्या चावडीवर लावता येईल.